दुसरं बेचकं

फांदीबाईंनी कुठल्याही वस्तूला कधी सुंदर म्हटलं नाही. फारच आवडलं तर म्हणायच्या, "बरोबर आलंय." धाराशिवच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. मी वर्षभर कवितांना सुंदर म्हणत असे. मुलांच्या लक्षात राहिलं ते बाईंचं 'बरोबर'.

निवृत्तीनंतर त्यांनी समोरच्या खोलीत लेझरनं प्लायवूड कापायचं यंत्र बसवलं आणि त्यांना फांदीबाई हे नाव पडलं. त्या हातानं चित्र काढत नसत. संगणकाला नियम देत: एका फांदीला दोन फुटाव्यात, थोड्या आखूड, थोड्या वाकड्या, त्या दोघींनाही पुन्हा तसंच. दहा-बारा फेऱ्यांत पडद्यावर झाड उभं राहायचं. कुठं किती वाकायचं, ते सुरुवातीला दिलेल्या आकड्यावर ठरे. आकडा बदलला की झाड बदललं. तोच दिला की तेच झाड. त्यातून दिव्यांची झाकणं, खिडक्यांच्या जाळ्या, सन्मानचिन्हं होत. आमच्याकडे टंचाई पाण्याची असते, सत्कारमूर्तींची नाही. त्यामुळे काम भरपूर.

एकदा एका संस्थेचे कार्यवाह आले. "बाई, झाडात साहेबांचा चेहरा दिसला पाहिजे बघा."

"नियमात साहेब बसत न्हाईत."

"मग जरा वाकवा की नियम."

"वाकवला तर बुडापासून शेंड्यापर्यंत वाकतो. साहेबांना चालंल का?"

साहेबांचं काम दुसऱ्या दुकानात गेलं. तिथं मोर मिळत.

सकाळची वेळ मात्र गिऱ्हाइकांची नव्हती. बाईंचं माहेर सास्तूर. भूकंपात आई-वडील गेले, फोटो दगडांखाली गेले. दारातला कडुलिंब तेवढा उभा राहिला. गाव नव्या जागी बसताना तोही कुणी तरी तोडला. हे त्यांनी मला वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. पुढं म्हणाल्या, "कुठल्या तरी आकड्यात तो लिंब असणारच, सर. एकपासून बघत चाललेय."

त्याची खूण ठरलेली होती. खोडापासून दुसऱ्या बेचक्यात त्यांची आई दात घासायच्या राखुंडीची डबी ठेवायची. ते बेचकं डावीकडं किंचित कललेलं हवं, न्हायतर डबी पडते. रोज शंभरेक झाडं बघून त्या वहीत प्रत्येकाचा आकडा लिहीत आणि पुढं शेरा: 'डबी राहत नाही.' मुलांच्या वह्या तपासाव्यात तसं, लाल शाईनं.

मला हे खूळच वाटे. म्हातारपणी माणसं जप करतात, या आकडे करतात, एवढाच फरक. तरी एका सकाळी दया येऊन मी पडद्याकडे बोट दाखवलं. "बाई, हे जमतंय की!"

"तुम्ही पाहिला होता का आमचा लिंब?"

"नाही."

"मग?" म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

सास्तूरलाही जाऊन आल्या होत्या. तिथली माणसं म्हणाली, "व्हय बाई, होता की लिंब. लई मोठा." बाई मला म्हणाल्या, "मोठा सगळ्यांनाच आठवतो. बेचकं कुणाला विचारू?"

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. शाळेत शोकसभा झाली. तीन वक्त्यांनी त्यांना कलामहर्षी केलं, चौथ्यानं त्यांचं नाव चुकवलं. मी पंख्याकडे पाहत बसलो होतो. रडू आलं नाही. नंतरही नाही.

त्यांची लेक भूकंपानंतर जन्मलेली. तिनं तो संगणक आणि वह्या माझ्याकडे दिल्या. "आई म्हणायची, सरांना दाखव, त्यांना चुका काढता येतात."

शेवटच्या वहीच्या शेवटच्या ओळीवर आकडा आहे. पुढं शेरा नाही. मिळालं म्हणून थांबल्या की बघायचं राहून गेलं, हे वही सांगत नाही.

मी तो आकडा दिला. झाड आलं. दुसरं बेचकं डावीकडं किंचित कललेलं होतं. पण इतकं तर मला पुष्कळ झाडांत दिसलं असतं. बाईंच्या यंत्रावर ते कापून घेतलं आणि कपाटावर उभं केलं. खडूचा एक तुकडा त्या बेचक्यात ठेवून पाहिला.

राहिला. अजून आहे.

वहीतली ती जागा मी कोरीच ठेवली आहे. लाल पेन उघडून दोनदा बसलो. पण मी तो लिंब पाहिलेला नाही.