खरगोलाच्या झाडावरची पाटी

मूल्यांकन समिती येणार म्हटलं की आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजच्या भिंतींना रंग लागतो, कुंड्यांना गेरू आणि झाडांना पाट्या. एरवी त्या झाडांना कुत्रंसुद्धा विचारत नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून पाट्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं.

प्रयोगशाळेच्या मागं खरगोलाचं एक झाड आहे. कुणी लावलेलं नाही, कुठल्याशा बुलबुलानं बी टाकलं आणि ते उगवलं. आवारात हे एकच, आणि मला त्याचा लळा आहे. दरवर्षी मी पोरांना त्याच्याखाली उभं करून तेच सांगतो. हे झाड पूर्वी वावळाच्या कुळात धरत. पण वावळाचं फळ कागदासारखं चपटं, वाऱ्यावर उडणारं. याचं मिऱ्याएवढं, गराचं, पाखरांनी खायचं. वावळाच्या पानात मधोमध एकच ठळक शीर, याला देठापासूनच तीन. पुढं शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली आणि याला उचलून गांजाच्या कुळात नेऊन बसवलं. पोरं हसतात, पण लक्षात ठेवतात.

पाट्या रंगवायला उचगावचा पेंटर आला. खरगोलाशी आल्यावर त्याचा ब्रश थांबला.

"सर, हितं 'कूळ : गांजा' लिवायचं? खरंच?"

"व्हय, लिवा की. तेच बरोबर हाय."

"बघा हं. उद्या माझ्या नावानं बोंब नको."

बोंब माझ्याच नावानं झाली. तीन दिवसांत हॉस्टेलच्या पोरांनी खालच्या फांद्या ओरबाडून नेल्या. पानं वाळवून ओढली म्हणे. खोकल्याशिवाय काही हाती लागलं नाही. तोवर पाटीचा फोटो गावभर फिरला आणि प्राचार्यांनी मला बोलावलं.

"ते झाड काढून टाकू. धोकादायक म्हणून अर्ज करतो."

"सर, कूळ एक म्हणजे गुण एक नव्हे. वांगं आणि धोतरा एकाच कुळातले. कँटीनची वांग्याची भाजी बंद करायची का?"

"विनोद पुरे. पाटी बदला, नाहीतर झाड जाईल."

"मग पाटीच काढतो."

"प्रत्येक झाडाला पाटी आहे, असं आपण समितीला लिहून दिलंय."

माझं डोकं फिरलं. या गृहस्थांना चुकीची पाटी चालते, पाटी नसलेली चालत नाही! जन्मभर कूळ चुकवणाऱ्याचे मार्क कापत आलो आणि आता मीच कूळ चुकवायचं? पण झाड तुटलं असतं तर ते परत कुठून आणणार होतो? पेंटर गारगोटीला दुसऱ्या कामावर गेला होता. शेवटी मीच ब्रश धरला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : 'कूळ : वावळ'.

समिती आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये काजू खाल्ले, चहा घेतला आणि गेली. प्रयोगशाळेच्या मागं कुणी फिरकलंसुद्धा नाही. मी पाटी दुरुस्त करायचं काढलं, तर प्राचार्य म्हणाले, "राहू द्या हो, कोण वाचतंय?" झाड उभं होतं. मीही कंटाळलो होतो. राहू दिली.

एप्रिलात प्रात्यक्षिक परीक्षेला मी खरगोलाचीच डहाळी ठेवली. गारगोटीकडची एक मुलगी आहे, वर्गातली सगळ्यांत हुशार. तिनं फळ बरोबर लिहिलं होतं, तीन शिराही बरोबर. कुळापुढं 'गांजा' लिहून त्यावर काट मारली होती आणि शेजारी 'वावळ' लिहिलं होतं. तोंडी परीक्षेला ती समोर बसल्यावर मी वैतागलोच.

"अगं, शिरा दिसल्या, फळ दिसलं, मग कूळ कसं चुकलं? शिकवलेलं विसरलीस?"

"न्हाय सर. आधी गांजाच लिवलंतं की. मग पाटी आठवली. बाकीच्या पाट्या पेंटरच्या हातच्या, ती तेवढी तुमच्या अक्षरातली हाय. म्हटलं, सरांनी सोताच्या हातानं बदललंय म्हंजे काय तरी नवीन शोध लागला असंल. आपलंच चुकलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा मार्क कापायची मला लाज वाटली, आणि द्यायचीही.