आईचा हळदीचा दोरा

शिवरात्रीला आई दरवर्षी जंगलातल्या एका दरीत उतरायची. तळाशी गुहा आहे. तिथे छतातून पाणी ठिबकून चुनखडीची पिंडी आपोआप झाली आहे. आई हळदीच्या पाण्यात सुती दोरा भिजवून पिंडीभोवती धरायची. टोकं जुळायची नाहीत, मधली फट दरवर्षी थोडी वाढलेली असायची. अळणावरजवळच्या आमच्या घरी परत येऊन ती सांगायची, "यंदा तांदळाएवढा वाढला गं देव." मग दोरा वाळवून डब्यात ठेवायची आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा भिजवायची.

मी चौथी शिकलेली. लग्न होऊन हुबळीला आले. दाजीबानपेठेतल्या दुकानांसाठी परकर शिवते. सूत भिजलं की आटतं, हे शिवणातच कळलं. तेव्हा आईचा दोरा आठवला. देव वाढत नसेल, दोराच आटत असेल. आईला सांगायचा धीर झाला नाही.

आता आईच्यानं चालवत नाही. यंदा दोरा माझ्या हातात देऊन म्हणाली, "बघून ये. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. खरं ते सांग."

दोरा न भिजवता कोरडाच धरून बघायचा, म्हणजे तो आणखी आटणार नाही, असं मी ठरवलं.

ती जागा आता फॉरेस्टवाले शिवरात्रीलाच उघडतात. नावं लिहून दहा-दहा जणांना सोडतात. माझ्याबरोबर शेजारच्या अक्का होत्या. नाव सांगायची माझी पाळी आली आणि आवाजच फुटेना.

"तोंडाला कुलूप लावून किल्ली घरी ठेवलीस काय गं?" अक्का म्हणाल्या. त्यांनीच माझं नाव सांगितलं.

पायऱ्या संपल्या आणि दरी सुरू झाली. दोन्ही बाजूंना राखाडी-पांढरा दगड, पाण्यानं चाटून गुळगुळीत केलेला. काही ठिकाणी त्याला कपड्यासारख्या चुण्या पडलेल्या. एवढ्या बारीक चुण्या मला सुई घेऊनही घालता येणार नाहीत. वर आभाळाची नुसती चिंधी दिसत होती. खाली जावं तसा गारवा वाढत गेला. शेवटी दोर धरून, बसत-सरकत उतरायचं होतं. पुढे गार्डबाई होत्या. "निधान इळीरी," म्हणजे सावकाश उतरा, असं त्या सारखं सांगत होत्या. आई डोक्यावर दुरडी घेऊन इथून उतरायची! मला तिची भीतीच वाटली, देवाची वाटावी तशी.

गुहेत बॅटरीच्या उजेडात पिंडी दिसली. ओली, दुधासारखी. मी दोरा काढून हात पुढे केला.

"मुट्टबेडरी!" गार्डबाई म्हणाल्या, म्हणजे हात लावू नका. हाताचं तेल लागलं की तिथे नवा दगड धरत नाही, पिंडी वाढायची थांबते.

मी दचकले. पण त्यांचा 'वाढायची' हा शब्द कानात राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी अनोळखी माणसाला आपणहून विचारलं, "म्हणजे ही वाढते?"

"वाढते की. पाण्यातला चुना थेंबाथेंबानं बसतो. तुमच्या-माझ्या जन्मात डोळ्यांना दिसायचं नाही, एवढंच."

त्यांनी बॅटरी वर धरली. छताच्या टोकाशी एक थेंब जमत होता. किती वेळ जमला कोण जाणे. मग सुटला, पिंडीवर पडून पसरला. मी श्वास धरून बघत होते. पुढचा थेंब जमायला लागला. आम्ही कोणी नसतानाही तो पडतच होता, आई जन्मायच्या आधीपासून. गार्डबाईंनी चला म्हटलं तेव्हा माझे पाय हलेनात.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेले. दोरा तिच्या हातात दिला. तिनं चाचपला.

"कोरडाच आणलास?"

"हात लावू देत नाहीत आता. मापता आलं नाही."

तिचं तोंड उतरलं. मी जवळ बसले आणि हुबळीला आल्यापासून मनात ठेवलेलं सगळं सांगितलं. दोरा कसा आटतो तेही. आईनं दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"म्हणजे मी खोटंच सांगत होते."

"नाही आई," मी म्हटलं. "माप चुकलं. देव वाढतोय. मी थेंब पडताना बघितला."