पोट साफ झालं का?

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी एक चौकशी व्हायची. पोट साफ झालं का? बाबांना आई हळूच विचारायची, मला मात्र संडासाच्या दारावर थाप मारून. नेरूळच्या वन रूम किचनमध्ये लपवणार काय आणि कुठे? बाबांना रबाळ्याच्या फॅक्टरीत फर्स्ट शिफ्टला पोचायचं असायचं आणि मी आत अर्धा अर्धा तास. चार-चार दिवस काही व्हायचं नाही. पोट तट्ट फुगलेलं, आणि उठलं की डोळ्यांपुढे अंधारी.

कारण साधं होतं. मी जेवत नव्हते. बारावीला होते, आरशात बघितलं की स्वतःचा संताप यायचा. याला आजार म्हणतात हे आमच्या सेक्टरमध्ये कोणाच्या गावीही नव्हतं. आणि आमच्यासारख्या घरात न जेवायची एक राजमान्य वाट होतीच. उपास. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. साबुदाण्याची खिचडीसुद्धा नको म्हणाले, तर आईचा ऊर भरून आला. सोसायटीच्या हळदीकुंकवाला ती सांगायची, "आमच्या हिचं फार कडक असतं हो." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. माझी हाडं वर आली होती आणि या बयांना त्यात भक्ती दिसत होती.

पोट साफ होत नाही म्हटल्यावर मात्र अख्खा जिना डॉक्टर. त्रिफळा झाला, सोनामुखी झाली, शेवटी दर रविवारी एरंडेल. आई नाक दाबून पाजायची आणि वर लिंबाची फोड द्यायची. दुपारपर्यंत माझे नुसते हाल. आत काही नसताना आतडी पिळून निघायची, मी लादीवर आडवी पडून राहायचे. "निघाली बघ सगळी घाण," आई समाधानाने म्हणायची. सोमवारी पुन्हा उपास.

खरं सांगते, कोणीतरी माझ्या ताटात बघावं म्हणून मी तडफडत होते. आणि कोणी बघू नये म्हणून जिवाचं रान करत होते.

बघितलं ते मासेवालीने. बेलापूरकडच्या कोळीवाड्यातून ती पाटी घेऊन आमच्या दाराशी यायची. ती बोंबील साफ करत असताना आईने तिलाही विचारलं, पोरीचं पोट साफ होत नाही, तुमच्यात काय देतात? तिने हात पुसले, माझं मनगट धरलं, दोन बोटांत फिरवून पाहिलं.

"बाय, पोर जेवतं का नाय? पोटान काय गेलाच नाय, तं भायेर काय येल?"

वाटलं, आता आई वळेल, मला विचारेल. आई तिच्याकडेच बघत म्हणाली, "तिचे उपास असतात. तुला काय कळायचं त्यातलं?" आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मासे बाजारातून यायला लागले. मासेवाली आमचा मजला टाळून वर जायची.

वर्षभराने मी कॉलेजच्या जिन्यात कोसळले. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, ही शेवटची पोटभर कधी जेवली? आईला आठवेना. बाबा खिडकीबाहेर बघत होते. उपास सुटले, पण नीट जेवायला शिकण्यात माझी पुढची कितीतरी वर्षं गेली. आतडी मात्र रुसली ती रुसलीच. आजही पाण्यात पावडर घातल्याशिवाय माझी सकाळ होत नाही. याचा राग मला येतो, अजून येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

आई अजून रोज फोन करते. पहिला प्रश्न तोच. परवा मी उत्तरच दिलं नाही. म्हटलं, "आई, मी जेवले आज. दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात."

ती म्हणाली, "ते कुठे विचारलं मी?"