तिसऱ्या वर्षी नफा

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘असोसिएट, कॉर्पोरेट फायनान्स’ असं छापलेलं होतं. शंभर कार्डं मिळाली होती. मी नोकरी सोडली तेव्हा त्यातली अठ्ठ्याण्णव ड्रॉवरमध्ये तशीच होती. एक आईनं देवाजवळ ठेवलं होतं आणि एक वडिलांच्या शर्टाच्या खिशात असे.

ऑफिस म्हणजे इंदूरच्या कापड बाजारात, साडीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एकीत सर बसत, एकीत आम्ही तिघं, आणि तिसरीला कॉन्फरन्स रूम म्हणत. तिथे पाण्याचा माठ आणि जुन्या फायली होत्या. सर सीए होते. दर सोमवारी ते आमच्यापुढे उभे राहून सांगत, “इंडिया खुल रहा है, बेटा.” खुलत असेल. आमच्या खोलीची एकुलती एक खिडकी कूलर बसवल्यापासून उघडत नव्हती. टाय सक्तीचा होता, मे महिन्यातसुद्धा. खालच्या दुकानातला सेल्समन जिन्याशी रोज विचारायचा, “भिया, आज किसकी शादी है?” आणि रोज आपणच हसायचा.

आमचं काम प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणं. कुणाला बँकेचं कर्ज हवं असलं की तो आमच्याकडे येई, आणि त्याचा धंदा पाच वर्षांत कसा भरभराटीला येणार हे आम्ही चाळीस पानांत सिद्ध करून देत असू. पद्धत ठरलेली होती. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात सर पेन्सिलीनं एक आकडा लिहीत, बँकेला जो पाहायला आवडेल तो. त्या आकड्यापासून मी मागे मागे येत विक्री, मजुरी, वीज, कच्चा माल असं सगळं त्याला जुळवून घ्यायचो. पहिल्या वर्षी थोडा तोटा दाखवायचा, नाहीतर बँकेला संशय येतो. दुसऱ्या वर्षी बरोबरी. तिसऱ्या वर्षी नफा. टोमॅटो सॉस असो, कोल्ड स्टोरेज असो की मशरूम, तिसरं वर्ष कधी चुकलं नाही.

मलाही सरांनी याच तक्त्यात बसवलं होतं. “पहला साल सीखने का, दूसरा साल जमने का, तीसरा साल तेरा.” माझं दुसरं वर्ष सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. प्रोबेशन दर सहा महिन्यांनी वाढत होतं आणि दर वेळी सर ते अशा आवाजात सांगत, जणू बढतीच दिली.

सोडायची सोय नव्हती, कारण घरात पगार आता माझाच येत होता. वडील मिलमध्ये हेड टाइमकीपर होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी माणसं किती वाजता आत आली आणि किती वाजता बाहेर पडली याची नोंद ठेवली. दोन मिनिटं उशीर म्हणजे दोन मिनिटं उशीर, मग तो सख्खा मेहुणा का असेना. त्या वर्षी होळीनंतर मिलला टाळं लागलं. तरी वडील रोज शिफ्टच्या वेळेला फाटकावर जात, युनियनच्या तंबूत बसून पेपर वाचत आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी परत येत. वाटेत कुणी “कसं काय?” विचारलं तर ते मिलविषयी बोलत नसत. खिशातून माझं कार्ड काढून दाखवत.

अशात त्यांच्याच मिलचा ‘पुनरुज्जीवन अहवाल’ आमच्या ऑफिसात आला आणि सरांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. शेवटच्या रकान्यातला आकडा पेन्सिलीनं लिहिलेला होताच. मी अकरा दिवसांत मिल उभी केली. यंत्रं वडिलांपेक्षा वयानं मोठी होती. मी लिहिलं, ‘आधुनिकीकरणास भरपूर वाव.’ कामगार सहा महिने फाटकाबाहेर बसले होते. मी लिहिलं, ‘अनुभवी मनुष्यबळ तत्काळ उपलब्ध.’ पान सत्तावीसवर, तिसऱ्या वर्षी, नफा.

कुणीतरी त्याची झेरॉक्स काढून तंबूत पोचवली. एका संध्याकाळी वडील ती घरी घेऊन आले. तिला त्यांनी खाकी कव्हर घातलं.

त्याच सुमारास देपालपूरचे एक शेठ घरी येऊन गेले. पूर्वी ते मिलला रुईच्या गाठी पुरवायचे. आता तिथल्या मंडीत त्यांची सोयाबीनची आडत होती. त्यांना वजनकाट्यावर चोख नोंद ठेवणारा माणूस हवा होता. “बाबूजी, दशहरे तक आपके लिए जगह रखता हूँ,” म्हणाले. “उसके बाद सीझन है, किसी को तो बिठाना पड़ेगा.”

शेठ गेल्यावर वडील म्हणाले, “ठेवू दे जागा. मिल चालू झाली की टाइम ऑफिस कोण पाहणार? मी काय ट्रॉल्या मोजत बसू?”

“बाबा, मिल चालू नाही होणार.”

“रिपोर्ट वाचला का तू?”

“मीच लिहिला.”

“टाइप केला असशील.”

“लिहिला. तो सत्तावीसवरचा नफा आहे न, तो आधी लिहिला आणि मग बाकी सगळं...”

“तुला नोकरीला लागून किती दिवस झाले? तुझे सर सीए आहेत. ते पागल आहेत काय? बँक पागल आहे?” त्यांनी खाकी कव्हरावर हात ठेवला. “फालतू बात नको करू.”

आतून आई म्हणाली, “अहो, त्यानं लिहिला म्हणतोय न, मग चांगलाच असेल.”

लोकांना खरं वाटावं असं काहीतरी लिहावं ही माझी कॉलेजपासूनची इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

दसरा नऊ दिवसांवर आला. मी दोनदा पुन्हा विषय काढला. दोन्ही वेळा वडिलांनी मला माझीच वाक्यं वाचून दाखवली. शेवटी माझ्या लक्षात आलं की या घरात माझ्या बोलण्याला किंमत नाही, बाइंडिंगला आहे.

शनिवारी दुपारी सर क्लायंटबरोबर जेवायला गेले. मी कोरे कागद घेतले आणि वर लिहिलं, ‘देपालपूर येथील प्रस्तावित नोकरी : व्यवहार्यता अहवाल.’ खाली बसचं भाडं, दुपारचा चहा, शेठ देणार तो पगार, रोजचा जाण्यायेण्याचा वेळ. समोर मिलच्या फाटकावर बसण्याचा रकाना, त्यात जाण्यायेण्याचा वेळ आणि बाकी शून्य. पहिल्यांदाच मी पुढून सुरुवात केली होती, त्यामुळे शेवटच्या रकान्यात काय येणार हे मला ठाऊक नव्हतं. आलं ते साधंच होतं. तिसऱ्या वर्षी खास काही घडत नव्हतं, पण पहिल्या वर्षी तोटाही नव्हता. नऊ पानं झाली. परिशिष्ट म्हणून शेठच्या आडतीचा छापील कागद जोडला, ऑफिसच्या मशीनवर स्पायरल बाइंडिंग केलं, वर पारदर्शक प्लास्टिक लावलं आणि घरी जाऊन, टाय न सोडता, वडिलांपुढे ठेवला.

“हा कोणाचा?”

“ऑफिसचा.”

वडिलांनी चष्मा लावला. तीन संध्याकाळी ते तो वाचत होते, हातात मस्टरची लाल पेन्सिल घेऊन. मिलच्या अहवालावर ती पेन्सिल कधी टेकली नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

“दोन चुका आहेत. आडत नवाला उघडते. तू आठची बस धरली. आठच्या बसनं मी साडेनवाला पोचेन. सातची पाहिजे.”

“बरं.”

“आणि शनिवार तू अर्धा धरला. मंडीत अर्धा दिवस कुठे असतो? पूर्ण लाव.” त्यांनी पान उलटून पाहिलं. “बाकी बरोबर आहे.”

मग त्यांनी शेजारच्या खाकी कव्हराकडे बोट केलं.

“यात मला एक पण चूक नव्हती सापडली. अठ्ठावीस वर्षं मस्टर पाहिलं मी. ज्या मस्टरमध्ये एक पण लेट मार्क नाही, ते घरी बसून भरलेलं असतं. हे मला मालूम पाहिजे होतं.”

आईनं चहा आणला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठला निरोप गेला. सोमवारपासून जायचं ठरलं. रविवारी रात्री वडिलांनी मिलमधला खाकी कोट स्वतः इस्त्री केला, पेन्सिलीला टोक काढलं, आणि झोपायला जाता जाता विचारलं, “ते बाइंडिंगचे किती दिले?”

“ऑफिसच्याच मशीनवर केलं, बाबा.”

“मतलब, सरांच्या सामानातून?”

“एक प्लास्टिक आणि एक स्प्रिंग. कोण विचारतं?”

“मी विचारतो. उद्या भरून ये.”

सोमवारी सकाळी, इंडिया खुलण्याचं भाषण संपल्यावर, मी सरांच्या टेबलावर दहाची नोट ठेवली.

“ये क्या है?”

“बाइंडिंग के. एक क्लायंट ने भेजे हैं.”

सर खूश झाले. आमच्याकडे क्लायंट आपण होऊन कधी काही पाठवत नसत. नोट खिशात टाकत त्यांनी विचारलं, “कौनसा क्लायंट?”

“देपालपूरवाला.”

“अच्छा, अच्छा,” सर म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं, पण ते कधी तसं दाखवत नसत. “प्रोजेक्ट चालू हो गया उसका?”

“हाँ सर. आज सुबह. सात की बस से.”