सरांची जागा

बी.एड. करून माणूस शिक्षक होतो की नाही, ते फार पुढे कळतं. किस्से मात्र पहिल्या आठवड्यापासूनच जमायला लागतात. आमच्या बॅचचे चार जण भेटले की अभ्यासक्रमातलं कुणालाच काही आठवत नाही, हे किस्सेच निघतात.

माझे पती वरवंडजवळच्या एका संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. ते गेल्यावर संस्थेचे सचिव आप्पा घरी आले. म्हणाले, "वहिनी, अनुकंपावर सरांची जागा तुमचीच हाय. फक्त पंचेचाळिशीच्या आत बी.एड. आन् टीईटी तेवढी करून घ्या."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. शिरूरच्या कॉलेजात नाव घातलं.

*

ॲडमिशनच्या फॉर्मवर पालकांची सही लागत होती. क्लार्क म्हणाला, "वडलांची आणा."

"वडील नाहीत."

"मिस्टरांची चालंल."

"तेही नाहीत."

"मग घरात सही करणारं कोण हाय?"

"मुलगी. अकरावीत आहे."

"तिची आणा. रकाना मोकळा न्हाई ठेवता येत."

मुलीनं पालक म्हणून सही केली आणि म्हणाली, "आई, वर्गात दंगा केलास तर मला बोलावून घेतील."

*

सुरुवातीला खऱ्या मुलांपुढे उभं करत नाहीत. आपल्यातलेच दहा जण बाकांवर विद्यार्थी होऊन बसतात आणि एक जण सहा मिनिटं शिकवतो. त्या दिवशी दौंडची नाझनीन शिकवत होती. विषय 'आपलं कुटुंब'. कौशल्य होतं प्रबलन, म्हणजे मुलानं उत्तर दिलं की लगेच त्याला शाबासकी द्यायची. मागे बसलेल्या मॅडम शाबासक्या मोजत होत्या.

नाझनीननं माझ्याकडे बोट केलं. "तू सांग बाळ, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि माझी मुलगी. हे मागच्या वर्षी वारले."

"छान! शाब्बास! बस खाली."

मॅडमनी मागे दोन खुणा केल्या.

तास संपल्यावर नाझनीन माझा हात धरून रडत बसली. तिला या कौशल्यात वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले.

*

सरावपाठाला जवळची एकच शाळा मिळायची. पाठाचा नियम असा, की विषयाचं नाव शिक्षकानं आधी घ्यायचं नाही. प्रस्तावनेचे प्रश्न विचारत विचारत ते मुलांच्या तोंडून काढायचं आणि मग फळ्यावर लिहायचं.

यवतचा अमोल सहावीच्या वर्गावर गेला. हातात बॅटरी आणि चेंडू. "मुलांनो, सकाळी पूर्वेला काय दिसतं?"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सूर्यग्रहण, सर. काल एका मॅडमनी घेतलं, परवा एका सरांनी. आता तुम्ही फळ्याकडं वळा आन् लिवा."

अमोल वळला आणि लिहिलं. मागे निरीक्षकांनी शेरा दिला, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.'

*

हा अमोल आधीच डी.एड. होता. रात्रपाळीला एका कंपनीत जायचा आणि सकाळी डोळे चोळत वर्गात यायचा. मी एकदा विचारलं, "डी.एड. असून कंपनीत कसा रे?"

"काकू, आमच्या लाइनवर पाच जण डी.एड. हायेत. सुपरवायझर बी डी.एड."

"मग कामात त्याचा काही उपयोग?"

"हाय ना. मशीन बंद पडलं की आम्ही आधी प्रस्तावनेचे प्रश्न विचारतो."

तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

*

निकाल लागला. टीईटीही सुटली. पंचेचाळिशीला अजून काही महिने होते. दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन मी आप्पांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. "नाव राखलं वहिनी तुम्ही सरांचं," म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं, की शाळेचा पट घसरला, एक तुकडी बंद झाली आणि विज्ञानाचं पद रद्द झालं.

"कधी झालं हे?"

"झालं की वरीस."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्ही एवढ्या जिद्दीनं शिकत व्हता. मधीच कशाला मन मोडायचं?"

मी प्रमाणपत्रं पिशवीत घातली आणि उठले. दारापर्यंत गेले, तेवढ्यात आप्पांनी मागून हाक मारली.

"वहिनी, घरी बसून तरी काय करणार? पगाराचं काय जमायचं न्हाई, पण शाळेत येत जावा. सरांचे तास अजून मोकळेच हायेत."