वांग्यावरचा फवारा

रिसोडच्या अल्याड, सडकेला लागून तुळसाबाईचं दहा गुंठे वांगं. नवरा पंजाबराव पंच्याहत्तरीचे, पण फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेतला तरी कण्हत नसत. डोकं मात्र दगा देऊन राह्यलं होतं. तुळसाबाईचं नेमकं उलटं. डोकं तल्लख, गुडघे गेलेले. मग दोघांचा मिळून एक माणूस झाला. ती शेताच्या धुऱ्यावर, बांधाला बसून सांगे, ते करत. औषधाची शिशी तीच हातात देई. तणनाशकाच्या शिशीला तिनं लाल चिंधी बांधून ठेवली होती, कारण ते वांग्यावर पडलं की पीक मेलंच समजा. अशी दोन वर्षं तिनं कोणाच्या बापाला पत्ता लागू दिला नाही.

पण लोकांच्या पोटात कुठं काही राहते? एकदा पंजाबराव बाजारातून घरी यायचं सोडून मंगरूळपीरच्या एसटीत बसले, अन् ही खबर पुण्याला पोराकडे पोचली. रविवारी मुकेश दारात हजर.

"आई, आज फवारणी बाबाले एकट्याले करू दे. तू तोंडातून शब्द काढू नको. जमलं तं राहा इथं. नाही जमलं तं सांजच्या गाडीनं दोघंई पुण्याले."

पुणं! मागच्या साली तिथं पंधरा दिवसांत पंजाबरावांनी अन्न सोडलं होतं. चौथ्या मजल्यावर दाराशी बसून, "मले घरी जाऊ द्या," म्हणत रडायचे. मुकेशला वाटलं, म्हाताऱ्याला करमत नाही, एवढंच. पुन्हा नेलं तर हा माणूस वाचत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पंजाबरावांनी खोका उघडला. हात सरळ चिंधीवाल्या शिशीवर गेला. अगं माय! त्यांनी सवयीनं तुळसाबाईकडे पाहिलं. मुकेशही तिच्याकडेच पाहत होता. शेतकऱ्याचा पोरगा, पण कोणती शिशी कशाची, याला काय कप्पाळ कळते! एक शब्द बोलली असती तर पीक वाचलं असतं. तिनं मान खाली घातली.

पंजाबरावांनी ओळीनं फवारलं, एक पान सोडलं नाही.

"मस्त, बाबा! लोक उगाच बोंबलतात," मुकेश म्हणाला अन् सांजच्या गाडीनं खुशीत निघून गेला.

पाचव्या दिवशी वांगं पिवळं पडलं. आठव्या दिवशी सगळ्या झाडांनी माना टाकल्या. पंजाबराव सरीत फतकल मारून बसले अन् लेकरासारखे रडले.

"कोनं केलं वं हे?"

"मीच," तुळसाबाई म्हणाली. "शिशी मीच चुकीची देल्ली."

ते रागावतील, शिव्या देतील, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तिचा हात धरून तिला हळूच घरात आणलं, बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मग मोबाइलवरच्या पोराच्या फोटोवर बोट ठेवून फोन लावला.

"मुकेश, तुह्या मायचं डोकं आता काम देत नाही रे. तिले घेऊन जाय पुण्याले. इथलं मी एकटा पाहतो."