खांद्याबाहेरची पिशवी

रत्नागिरीच्या बाजारपेठेत सॅकचं एक दुकान आहे. दारातल्या आडव्या दांडीला नव्या सॅक टांगलेल्या असतात आणि ऊन चढलं की त्यांच्या नायलॉनचा वास रस्त्यावर येतो. थोडा रॉकेलसारखा, थोडा पावसाळी चपलांसारखा. गेल्या आठवड्यात मी तिथून जात होते. एक तरुण एका दिवसाच्या डोंगरभटकंतीसाठी सॅक बघत होता. दुकानदार त्याला सांगत होता, मोठीच घ्या, अर्धी भरा, जागा असलेली बरी. सात वर्षांपूर्वी त्याने मलाही हेच सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं. मी थांबले नाही. वास मात्र पुढच्या चौकापर्यंत बरोबर आला.

थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे यजमान, माझे भावोजी, राजापूर तालुक्यातल्या एका गावात भात आणि नाचणी पिकवत. शेतसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक त्यांच्या घरात वडिलांपासून होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. डुकरांना आचारसंहिता आमच्या आधी कळते, असं ते म्हणत. डुकरांनी शेत उलथंपालथं केलं की वनखात्याची परवानगी काढून गावातली पाच-सहा माणसं सकाळी सड्यावर निघत आणि दिवस मावळायच्या आत घरी येत. त्या एका दिवसासाठी भावोजींची एक पिशवी होती, शिडाच्या जाड कापडाची. खाडीपलीकडे शिडं शिवणारे एक चाचा होते, त्यांनी भावोजींना पाठमोरं उभं करून सुतळीने खांद्यांचं माप घेतलं होतं आणि त्या मापापेक्षा चार बोटं कमीच शिवली होती. दोन भाकऱ्या, कांदा, जवळ्याची चटणी, पाण्याची बाटली, दोरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला परवाना. यापलीकडे तिच्यात काही मावत नसे आणि मावू नये असाच बेत होता. दुसऱ्या जेवणाला जागा ठेवली की माणूस दुसऱ्या जेवणापर्यंत रानात थांबतो, हे त्यांचं मत.

डुकरांच्या उपद्रवावर लिहायचं म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. सडा म्हणजे मैलोगणती उघडा कातळ, चढायला झाड नाही, मध्येमध्ये करवंदीच्या जाळ्या. जखमी डुक्कर उलटलं की सरळ रेषेत येतं. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं आणि बाजूला व्हायला जागा म्हणजे दोन जाळ्यांमधली फट. भावोजींनी तशा एका फटीत आडवं शिरून दाखवलं. काट्याने सदऱ्याचा धागासुद्धा ओढला नाही. मग बाहेर येऊन म्हणाले, “खांदे गेले की पिशवी गेली पायजे. खांद्याबाहेर पिशवी नको.” मी ते वहीत टिपलं. रविवारच्या पुरवणीत चौकटीत छापून आलं. म्हणजे मला माहीत होतं. हे इथे नोंदवणं भाग आहे.

तरी मी मोठी सॅक घेतली. कारणं होती आणि त्या वेळी ती वाजवी वाटली. जुन्या पिशवीचा पट्टा उसवला होता. भावोजींना साखर निघाली होती, वेळेवर चार घास खायला हवेत असं डॉक्टर म्हणाले होते आणि आक्का फोनवर सारखी त्याच काळजीत असायची. दुकानदाराने विचारलं, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, एका दिवसासाठी. पुढचं वाक्य वर आलंच आहे.

भावोजींनी सॅक उलटसुलट करून पाहिली. “ही शिकारीची नाय. गणपती करून चाकरमानी मुंबईला परत निघतो ना, त्याची ही.” मीही गप्प बसले नाही. म्हटलं, मग यात बसून तुम्हीच मुंबईला जा, आक्का सुटेल. आक्का खूप हसली. ते हसणं मला आजही नेमकं आठवतं, कारण त्या घरात मी ऐकलेलं तसं ते शेवटचं. सॅक महिनाभर खुंटीला राहिली. मी फोन करून विचारायची, वापरलीत का? एकदा म्हटलं, वापरणार नसाल तर परत नेते. मेव्हणीचं मन मोडायचं नाही म्हणून पुढच्या शिकारीला त्यांनी ती पाठीला लावली. आक्काने तिच्यात जास्तीची भाकरी, केळी, औषधाची डबी, टॉवेल आणि रेनकोट भरला.

संध्याकाळी त्यांना रत्नागिरीला इस्पितळात आणलं. मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. बरोबरच्या कुणीतरी सॅक आणून खाटेखाली ठेवली. एका बाजूच्या जाळीदार खिशात करवंदीची फांदी बुडापासून ओरबाडल्यासारखी अडकली होती, वरचं कापड काट्यांनी भरलं होतं. मी ते पाहिलं आणि मी पाहिलेलं भावोजींनी पाहिलं. आक्का चहा आणायला गेली होती.

“मी गेलो होतो फटीत,” ते म्हणाले. “ती बाहेर रायली.”

त्यांनी डोळे मिटले. “तू लिही, पाय घसरला. तुझ्या बहिणीला पण तेवढंच.”

मी तेवढंच लिहिलं. पाय घसरल्याने शेतकरी रानडुकराच्या हल्ल्यात जखमी. चार ओळी, पान पाच. कोण, कुठे, कधी, सगळं तपासून घेतलेलं. पुढे ते काठी घेऊन पडवीपर्यंत चालत, त्यापलीकडे नाही. शेत पहिल्या वर्षी निम्मं पेरलं, दुसऱ्या वर्षी पेरलंच नाही. डुकरं आता परसापर्यंत येतात. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले. बंदूक त्याआधीच सरकारजमा केली होती.

त्या दुकानावरून गेल्यावर दोन दिवसांनी मी आक्काकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते, वाटभर एसटीत वाक्यं जुळवत. पडवीत बसल्यावर तीच आधी बोलली. भावोजींचे कॅनव्हासचे बूट तिने अजून ठेवलेत. ते उलटे करून तिने मला तळ दाखवले, गुळगुळीत झालेले. “मला दिसत होतं गो,” ती म्हणाली. “म्हटलं गणपती झाले की घेऊ नवे. एवढं थांबू म्हटलं. आणि पाय घसरला.”

सात वर्षं ती हे बूट बघत आली आहे, हे मला माहीत नव्हतं. नेमकी माहिती काढणं हा माझा व्यवसाय. भावोजींनी मला वाचवायला जे वाक्य दिलं, ते मी छापलं आणि ते पान पाचवरून निघून थेट तिच्या अंगावर गेलं. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी एक लहानशी दुरुस्ती येते, दोन ओळींची, खालच्या कोपऱ्यात. ती कुणी वाचत नाही, पण ती येते. मी तोंड उघडलं. मला ऐकू आलं ते एवढंच, की आक्का, बूट आत ठेव.

निघताना तिने ती सॅक बाहेर काढली. त्या दिवशी जाळीत उसवलेला सॅकचा पट्टा तिने शिवला आहे, कापडावरचे काटे कधीच वेचून काढले आहेत. रेशन आणायला बरी पडते म्हणाली, तू आणलेली वस्तू मजबूत. मग माझ्यासाठी तिच्यात आमसुलं घातली, कुळथाचं पीठ घातलं, फणसपोळी घातली. पुरे म्हटलं तरी ती भरत राहिली. जागा खूप होती.